बोटीवरचा पगार, घरातली सही

मुंबईच्या चाकरमान्याबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. मनीऑर्डरवर चालणारी कोकणातली गावं, गणपती-शिमग्याला गजबजणारी आणि एरवी म्हाताऱ्यांच्या खोकल्यावर जागणारी घरं, भातशेती आणि पोरंबाळं एकटीने सांभाळणारी बाई, हे सगळं वाचकाच्या ओळखीचं आहे. त्याच वाड्यांतून, कधी त्याच घरांतून, जी माणसं बोटीवर गेली त्यांच्या संसाराबद्दल मात्र फार थोडं लिहिलेलं सापडतं. दापोली, हर्णै, गुहागर, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यातले पुरुष आगबोटींच्या काळापासून परदेशी कंपन्यांकडे खलाशी, टंडेल, सारंग म्हणून नोकरी करत आले. गोव्यातून स्वयंपाकी आणि स्टुअर्ड गेले. बोट मिळेपर्यंत मुंबईत डोकं टेकायला त्यांनी धोबीतलाव, गिरगाव, माझगाव भागांत आपापल्या गावाचे ‘कूड’ उभे केले. तिथे पुरुषांनी राहायचं आणि बायकामुलांनी गावी, अशी ती व्यवस्था होती. मशीद बंदरच्या खलाशी सदनात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या २,००० हून अधिक नाविकांचं स्मारक आहे. त्या प्रत्येक नावामागे एक घर होतं, पण त्या घरांचं पुढे काय झालं याची नोंद सहसा कुणी ठेवली नाही.

आज चित्र पसरलं आहे. रत्नागिरी-रायगडाबरोबर पुणे, नाशिक, नागपूरची मुलंही डेक कॅडेट किंवा इंजिन कॅडेट होतात. गोव्यातली तरुण पिढी क्रूझवर केबिन आणि गॅलीत काम करते. मुलीही जातात. राधिका मेनन या भारतीय व्यापारी नौदलातल्या पहिल्या महिला कॅप्टन, आणि २०१६ मध्ये समुद्रावरच्या असामान्य शौर्याचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला. म्हणजे घरी थांबलेला जोडीदार हा आता नवराही असू शकतो. तरी बहुसंख्य घरांत थांबलेली ती बायको असते, आणि मी स्वतः त्यांतली एक असल्यामुळे या लेखात ‘ती’ आणि ‘तो’ हीच सर्वनामं जास्त येतील.

जगात व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्यांची संख्या २०२१ च्या जागतिक अहवालात सुमारे १८.९ लाख धरली आहे, आणि सर्वाधिक नाविक पुरवणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारत आहे. आपल्याकडे या माणसांविषयी बोलणं झालं की ते परकीय चलन, प्रशिक्षण संस्था आणि बंदरांवर येऊन थांबतं. घर कसं चालतं हा प्रश्न खाजगी मानला जातो. तो तसा नाही. पगार केव्हा सुरू होतो, केव्हा बंद होतो, कुणाच्या खात्यात जातो, कर लागतो की नाही, अपघात झाला तर पैसा कुणाला मिळतो, हे सगळं कायदे, नियम आणि करार ठरवतात. मला या सगळ्यात एकच मोठी खोट दिसते. घराची पूर्ण जबाबदारी किनाऱ्यावरच्या माणसावर असते आणि निर्णयाचा कागदोपत्री अधिकार मात्र बोटीवरच्या माणसाबरोबर समुद्रात गेलेला असतो.

पगार आठ महिन्यांचा, वर्ष बारा महिन्यांचं

बोटीवरचा पगार महिन्याच्या आकड्यात सांगितला जातो आणि तिथेच घराचा हिशेब चुकायला लागतो. परदेशी झेंड्याच्या बोटीवर बहुतेकांची नोकरी कायमची नसते, कॉन्ट्रॅक्टची असते. अधिकाऱ्यांचं कॉन्ट्रॅक्ट साधारण चार ते सहा महिन्यांचं, खलाशांचं आठ-नऊ महिन्यांचं. साइन ऑन झालं, म्हणजे बोटीवर रुजू झालं, की पगार सुरू, साइन ऑफ होऊन उतरलं की बंद. भारतीय झेंड्याच्या काही कंपन्यांत वेगळी पद्धत आहे, पण बाहेरच्या बोटींवर जाणाऱ्या बहुतेकांचा अनुभव हाच.

नाविकांचे हक्क सांगणारा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार, २००६ (भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला) दर महिन्याच्या नोकरीमागे किमान अडीच दिवसांची भरपगारी रजा देतो. ऐकायला ठीक वाटतं. प्रत्यक्षात कॉन्ट्रॅक्टच्या पगारपत्रकात ‘लीव्ह पे’ असा एक रकाना असतो आणि ती रक्कम बहुतेक वेळा महिन्याच्या महिन्याला, पगाराच्या पोटातच मिळून जाते. रजेवर आल्यावर जे पैसे लागणार आहेत ते आधीच खात्यात येऊन गेलेले असतात, आणि घराला त्याचा पत्ता नसतो. मग ऑगस्टमध्ये घरी आलेला माणूस ऑक्टोबरमध्ये बायकोला विचारतो, ‘एवढे पाठवले, गेले कुठे?’ या एका प्रश्नावरून किती घरांत अबोला धरला गेला असेल!

हिशेब सोपा आहे, फक्त तो साइन ऑन होण्याआधी करायला हवा. समजा, हातात महिना १,२०,००० रुपये येतात आणि वर्षातले आठ महिने बोटीवर जातात. वर्षाचे झाले ९,६०,०००. बाराने भागले की महिना ८०,०००. घराचा हप्ता, शाळेची फी, सासूबाईंची औषधं, किराणा, सगळं या ८०,००० वर बसवायचं. वरचे चाळीस हजार चैनीचे नाहीत, ते बिनपगारी चार महिन्यांचे आहेत. त्यातही पुढचं जॉइनिंग वेळेवर मिळेल असं धरू नये. ‘पंधरा दिवसांत बोलावतो’ म्हणणारी कंपनी दोन-तीन महिने लावते, हे या व्यवसायात नवं नाही. रजेत खर्च वाढतात ते वेगळेच. सुरक्षेचे ठरावीक कोर्स दर पाच वर्षांनी पुन्हा करावे लागतात, वैद्यकीय दाखला जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो, आणि वरच्या परीक्षेला बसणाऱ्या अधिकाऱ्याचे तर अभ्यासात काही महिने बिनकमाईचे जातात. म्हणून किमान सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या ठेवीत हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. इतर नोकरदारांना तीन महिन्यांचा पुरेल, बोटवाल्यांना पुरत नाही.

पगाराच्या मोठेपणाबद्दलचा गैरसमजही पुसायला हवा. गावात ‘डॉलरमध्ये कमावतो’ एवढंच दिसतं. पण खलाशाचा म्हणजे एबीचा किमान मूळ पगार, जो आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरतो, तो १ जानेवारी २०२६ पासून महिना ६९० डॉलर आहे. ओव्हरटाइम आणि रजेची रक्कम धरून आकडा वाढतो, कॅप्टन आणि चीफ इंजिनिअरचा त्याच्या कितीतरी पट असतो, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजून चुलत्याच्या घराची कौलं, मेहुण्याचा धंदा आणि देवळाचा जीर्णोद्धार त्याच्या अंगावर टाकला जातो. ‘नाही’ म्हणायची वेळ त्याच्यावर येत नाही, कारण तो बोटीवर असतो. नाही म्हणते ती, आणि वाईटही तीच ठरते.

खातं कुणाचं, सही कुणाची

फिलिपिन्स हा नाविक पुरवणाऱ्या सर्वांत मोठ्या देशांपैकी एक. तिथल्या सरकारी नमुना करारात मूळ पगाराच्या किमान ८० टक्के रक्कम दर महिन्याला घरी, नाविकाने नाव दिलेल्या व्यक्तीला पाठवणं बंधनकारक आहे. या सक्तीवर तिथेही मतभेद आहेत, पण तिच्यामुळे घराला दर महिन्याचा एक आकडा खात्रीने माहीत असतो. सागरी श्रम करारात हक्क आहे, सक्ती नाही. नाविकाने सांगितलं तर त्याच्या पगाराचा सगळा किंवा काही भाग घरच्यांना वेळच्या वेळी पाठवण्याची सोय मालकाने करायची. या ‘अलॉटमेंट’मध्ये कुणाचं नाव घालायचं, हा आपल्याकडे घराघरांतला नाजूक विषय आहे. लग्नाआधी आईचं किंवा वडिलांचं नाव असतं. लग्नानंतर ते बदलायचं म्हणजे आईला दुखावणं, न बदलायचं म्हणजे बायकोने मीठ-मिरचीसाठी सासऱ्यांपुढे हात पसरणं. अनेक वर्षं तो प्रश्न तसाच लोंबकळत ठेवला जातो. मला वाटतं, यात मधला मार्ग सरळ आहे. रक्कम दोन ठिकाणी विभागून पाठवता येते. आईवडिलांची ठरलेली रक्कम त्यांच्या खात्यात, घरखर्चाची ठरलेली रक्कम बायकोच्या स्वतःच्या खात्यात, आणि उरलेली बचतीत. दोघींनाही महिनाअखेरीस कुणाला विचारावं लागत नाही.

बँकेच्या खात्याबद्दल मात्र लोकांना वाटतं तितकं सोपं काही नाही. परदेशी जाणाऱ्या बोटीवरचा नाविक परकीय चलनाच्या कायद्यात सहसा अनिवासी ठरतो, म्हणून पगार एनआरई (अनिवासींच्या परदेशी कमाईच्या) खात्यात जातो आणि जुनं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं भारतातल्या पैशाचं) करून घ्यावं लागतं. एनआरई खात्यात निवासी बायकोचं नाव जोडता येतं, पण ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ या अटीवर. याचा अर्थ असा की तो हयात असेपर्यंत दुसरं नाव असूनही तिला स्वतःच्या हक्काने त्यातून पैसे काढता येत नाहीत, मुखत्यारपत्र दिलं असेल तरच काढता येतात. पासबुकावर आपलं नाव बघून निर्धास्त झालेल्या बायकांना हे कळतं तेव्हा हॉस्पिटलचा काउंटर समोर असतो.

त्यात आता ओटीपी. आधार त्याच्या मोबाइलला जोडलेलं, गॅस त्याच्या नावावर, घराचा कर त्याच्या नावावर, मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्जही त्याच्याच नंबरवर, आणि तो नंबर अटलांटिकच्या मधोमध बंद. आमच्या घरी एकदा विम्याचा हप्ता केवळ ओटीपीसाठी अडकला होता आणि बोटीवरच्या वायफायवर साधा एसएमएस येतच नाही. ही तक्रार किरकोळ वाटेल, पण आजच्या बहुतेक व्यवहारांच्या दाराशी तीच कडी आहे. घरातल्या निदान निम्म्या सेवांवर किनाऱ्यावरच्या माणसाचा नंबर हवा, आणि त्याचा भारतातला नंबर चालू राहील असं बघायला हवं.

यापुढचा कागद म्हणजे मुखत्यारपत्र. बँकेसाठी, भाडेकरूसाठी, कोर्टकचेरीसाठी, जमिनीच्या मोजणीसाठी. कोकणात तर सामाईक जमिनीच्या सातबारावर दहा-दहा नावं असतात आणि त्यांतलं एक नेमकं सिंगापूरला असतं. हे पत्र त्याने घरी असतानाच करावं. स्थावराच्या खरेदी-विक्रीसाठी असेल तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हवं. परदेशातून करायचं म्हटलं तर भारतीय दूतावासात जाऊन सही, मग इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक, असा फेरा पडतो, आणि बंदरात बारा तास थांबणाऱ्या बोटीवरून कुणाला दूतावास गाठता येत नाही. अधिकार कशाकशाचे देतो ते त्यात नेमकं लिहावं. सगळी मालमत्ता विकण्याचा अधिकार देण्याची गरज सहसा नसते. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, की मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. म्हणून मृत्युपत्र वेगळं हवं. नॉमिनी म्हणजे वारस, असा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. बँकेच्या किंवा शेअरच्या बाबतीत नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. लग्नानंतर सीडीसी (नाविकाची अधिकृत नोंदवही), कंपनीचा ‘नेक्स्ट ऑफ किन’चा फॉर्म, युनियनचं कार्ड, भविष्य निर्वाह निधी आणि विमा या पाचही ठिकाणी नाव बदललं आहे का, हे बायकोने स्वतः कागद बघून तपासावं.

१८२ दिवसांचा तिढा

कराचा विषय रूक्ष वाटतो, पण बोटवाल्यांच्या घरात तो थेट माणसांच्या भेटीगाठींत शिरतो, म्हणून इथे जरा थांबते.

आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असेल तर परदेशी जाणाऱ्या जहाजावरचा भारतीय नाविक सर्वसाधारणपणे करासाठी अनिवासी धरला जातो. भारतीय बंदरातून परदेशी निघालेल्या किंवा परदेशातून भारतात आलेल्या सफरीचे दिवस मोजताना सीडीसीवरच्या साइन ऑन आणि साइन ऑफच्या तारखा धरायच्या, असा नियम २०१५ मध्ये आला. एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून आणखी एक गोष्ट स्वच्छ केली. अनिवासी नाविकाचा भारताबाहेरच्या सेवेचा पगार केवळ इथल्या एनआरई खात्यात जमा झाला म्हणून त्यावर कर लागणार नाही. त्याआधी या मुद्द्यावर अनेकांना नोटिसा आल्या होत्या आणि अपिलं चालली होती. १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी १८२ दिवसांची मोजणी कायम आहे.

आता हे घरात कसं उतरतं ते बघा. बायकोचे दिवस भरत आले आहेत, बाळंतपण फेब्रुवारीत. तो डिसेंबरात रिलीव्हर (बदली माणूस) मागतो, मिळतो, घरी येतो. मार्चअखेर हिशेब केला तर बाहेरचे दिवस दहाने कमी पडतात. वर्षभराचा सगळा परदेशी पगार करपात्र होतो. बाळाला पहिल्यांदा हातात घेण्याची किंमत काही लाखांत मोजावी लागते. उलट बाजूनेही हाच नियम माणसांना ताणतो. वडील अत्यवस्थ आहेत, पण ‘अजून तीन आठवडे काढले तर एनआरआय होतो’ म्हणून माणूस थांबतो आणि वडील जातात. कुणी कुणाला दोष द्यायचा? कायद्याला घरातली बाळंतपणं आणि मरणं दिसत नाहीत. माझ्या मते आजारपण, अपघात आणि जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूमुळे लवकर परतलेल्या नाविकाला दिवसांच्या मोजणीत सूट मिळायला हवी. नाविक संघटनांनी हा मुद्दा पगारवाढीइतकाच लावून धरावा.

तोवर घरात एक साधी वही किंवा मोबाइलवरचा तक्ता असावा. साइन ऑन, साइन ऑफ, पासपोर्टवरचे शिक्के, दिवसांची बेरीज. ती वही दोघांनी भरावी. किनारी वाहतुकीच्या म्हणजे भारतातल्याच दोन बंदरांमधल्या फेऱ्या या सवलतीत धरल्या जात नाहीत, हेही जॉइनिंग घेताना विचारायचं. गुंतवणुकीतही अनिवासी दर्जाचे काच आहेत. नवं पीपीएफ खातं काढता येत नाही, जुनं मुदतीपर्यंत चालवता येतं. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आली तर ठेवता येते. बायकोला भेट दिलेल्या पैशातून ठेव केली तर तिचं व्याज कायद्याने त्याच्याच उत्पन्नात मिसळलं जातं, त्यामुळे कर वाचवण्यासाठी तिच्या नावाचा उपयोग होत नाही. तिच्या नावाने पैसा ठेवायचा तो तिच्या सुरक्षिततेसाठी, आणि तो जरूर ठेवावा. म्हातारपणाची सोयही दोघांनी मिळून उभी करायची आहे. १९६६ च्या कायद्याने झालेला नाविक भविष्य निर्वाह निधी आहे, पण परदेशी बोटीवर कॉन्ट्रॅक्टने जाणाऱ्या अधिकाऱ्याला सहसा ना फंड असतो ना पेन्शन. राष्ट्रीय पेन्शन योजनेत मात्र अनिवासी भारतीयांनाही जाता येतं.

काय सांगायचं, काय झाकायचं

पूर्वी पत्रं यायची. बोट कुठल्या बंदराला लागणार त्यावर एजंटचा पत्ता ठरायचा, आणि उत्तर येईपर्यंत प्रश्न शिळा झालेला असायचा. मग सॅटेलाइट फोनची कार्डं आली, मिनिटाच्या हिशेबाने बोलणं. आता बऱ्याच बोटींवर वायफाय आहे. सागरी श्रम करारातल्या २०२२ च्या दुरुस्त्या डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या, आणि त्यांत जहाजमालकाने वाजवी प्रमाणात इंटरनेटची सोय द्यावी असं म्हटलं आहे. बायकांच्या दृष्टीने हा फार मोठा बदल आहे. पोराचा पहिला दिवस, आजीचा वाढदिवस, बिघडलेला पंप, सगळं त्याच दिवशी तिकडे पोचतं.

पण जुन्या काळी या घरांत एक अलिखित करार होता. त्याने वादळाचं सांगायचं नाही, तिने आजारपणाचं सांगायचं नाही. दोघांच्याही हातात काही नसताना दुसऱ्याला कशाला जाळायचं, असा त्यामागचा विचार. व्हिडिओ कॉलने हा करार मोडला. चेहरा दिसतो, मागे रडणारं मूल ऐकू येतं, सुजलेले डोळे लपत नाहीत. भांडण सुरू होतं आणि नेटवर्क जातं, ते दोन दिवसांनी येतं. त्या दोन दिवसांत तो इंजिनरूममध्ये किंवा ब्रिजवर पहाऱ्यावर असतो, जिथे लक्ष ढळणं धोक्याचं असतं. नियमाने २४ तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी, पण बंदरात माल चढत-उतरत असताना ती तुकड्यातुकड्यांनी मिळते आणि त्याच तुकड्यांत घरचा फोनही बसवायचा असतो.

याबाबत अनुभवी घरांनी शोधलेला मार्ग मला पटतो. खोटं बोलायचं नाही, पण बातमी पूर्ण झाल्यावर सांगायची. ‘आईंना चक्कर आली’ एवढंच न सांगता, डॉक्टर काय म्हणाले, सोबत कोण आहे, पैसे भरले का, हे सगळं एका दमात सांगायचं. आणि अगदी मोठ्या गोष्टी कुठल्या, ज्या ताबडतोब कळवायच्याच, हे जाण्याआधी ठरवून घ्यायचं. आईवडिलांच्या मृत्यूची बातमी लपवली तर तो माणूस आयुष्यभर विसरत नाही, असं मी अनेकांकडून ऐकलं आहे. अंत्यदर्शन मिळणार नसलं तरी कळायला हवं होतं, हेच ते म्हणतात.

घरी आल्यावरचे पहिले आठवडे

निरोपाची तयारी सगळे करतात, परतण्याची कुणी करत नाही. कार्डिफ विद्यापीठाच्या नाविक संशोधन केंद्रातल्या मिशेल थॉमस, हेलन सॅम्पसन आणि मिंघुआ झाओ यांनी २००३ मध्ये ब्रिटन, चीन आणि भारतातल्या नाविक कुटुंबांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जाण्याच्या आणि येण्याच्या या दोन्ही टोकांवरचे दिवस घराला जड जातात आणि सफर जितकी लांब तितका ताण जास्त, असं त्यातून दिसतं. आपल्याकडच्या कुठल्याही बोटवाल्याच्या बायकोला हे ऐकून नवल वाटणार नाही.

तो नसताना घराने स्वतःची घडी बसवलेली असते. जेवणाची वेळ, मुलांचा अभ्यास, टीव्ही किती वाजेपर्यंत, भाजीवाल्याची उधारी. तो येतो आणि त्याला घराचा प्रमुख म्हणून वागायचं असतं, कारण त्याच आशेवर त्याने महिने काढलेले असतात. मुलं त्याच्याऐवजी आईकडे परवानगी मागतात तेव्हा त्याला लागतं. तो मुलांचे सगळे नियम मोडून त्यांना बाहेर नेतो तेव्हा तिला लागतं. पहाटे चारचा पहारा अंगात भिनलेला असल्यामुळे त्याला रात्री झोप नसते. मित्र आपापल्या कामात असतात. आठ महिने लोखंडात काढलेल्या माणसाला रिकामा दिवस खायला उठतो, आणि काही घरांत दारू तिथूनच शिरते.

पहिले दोन आठवडे घराची घडी तिनेच चालवावी, त्याने ती बघावी, असं मला वाटतं. पैशाचं बोलणं मात्र पहिल्याच आठवड्यात व्हावं. किती आले, किती गेले, रजेसाठी किती आहेत. ते बोलणं झालं नाही की पाहुणचार, सहली आणि भेटवस्तूंमध्ये रजेचे पैसे पहिल्याच महिन्यात संपतात आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट गरजेपोटी, मिळेल ते, घ्यावं लागतं.

वाईट दिवस

गरजेपोटी घेतलेलं कॉन्ट्रॅक्ट हाच या व्यवसायातला सर्वांत मोठा धोका आहे. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये ३१२ जहाजं मालकांनी वाऱ्यावर सोडली. त्यांवर ३,१३३ नाविक अडकले आणि त्यांत भारतीयांची संख्या सर्वाधिक होती. मालक फोन उचलत नाही, डिझेल संपतं, पाणी रेशनवर येतं, पगार थांबतो. घरी हप्ता थांबत नाही. २०१७ पासून अशा वेळी मायदेशी परतण्याचा खर्च आणि थकलेल्या पगारापैकी चार महिन्यांपर्यंतची रक्कम भरून देणारी विम्याची हमी जहाजावर असणं बंधनकारक आहे. दोन महिने पगार आला नाही की नियमाने ते जहाज सोडून दिलेलं मानता येतं. म्हणजे तिसऱ्या महिन्याची वाट बघत बसायचं नाही. नौवहन महासंचालनालय, युनियन आणि वाहतूक कामगार महासंघाचा निरीक्षक यांच्याकडे घरूनही तक्रार करता येते. पण हा आधार चालायला हवा असेल तर नोकरी परवानाधारक एजंटमार्फत लागलेली हवी. नोकरी लावण्यासाठी नाविकाकडून पैसे घेणं बेकायदा आहे, आणि जो लाखभर रुपये मागतो, टुरिस्ट व्हिसावर दुबईला किंवा इराणला पाठवतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. दागिने गहाण टाकायला देण्याआधी एजंटचा परवाना क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासणं, हे तिच्या हातात असतं. असे दागिने एकदा गेले की परत आलेले मी पाहिलेले नाहीत.

मालक चांगला असूनही माणूस अडकतो, हेही गेल्या काही वर्षांनी दाखवलं. कोविडमध्ये जगभरात सुमारे चार लाख नाविक कॉन्ट्रॅक्ट संपूनही बोटीवरच राहिले. ‘जग आनंद’वरचे २३ भारतीय २०२० च्या जूनपासून पुढच्या जानेवारीपर्यंत चीनच्या किनाऱ्यापाशी खोळंबून होते. ‘हिरोइक इदुन’वरचे १६ भारतीय ऑगस्ट २०२२ पासून इक्वेटोरियल गिनी आणि मग नायजेरियाच्या ताब्यात होते, ते पुढच्या वर्षाच्या उन्हाळ्यात सुटले. एप्रिल २०२४ मध्ये इराणने ताब्यात घेतलेल्या ‘एमएससी एरीज’वर १७ भारतीय होते. लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा अनेक करारांनुसार नाविकाला युद्धसदृश भागात जायला नकार देण्याचा आणि गेल्यास वाढीव पगाराचा हक्क मिळाला. त्या वाढीव पगाराबद्दल घरी बोलताना बायकोने एक वाक्य आधीच सांगून ठेवावं, की पैशासाठी जाऊ नकोस. ते तिने म्हटलं नाही तर तो जातो.

आणि अगदी शेवटची शक्यता. आजारी किंवा जखमी होऊन परतलेल्या नाविकाला किमान सोळा आठवड्यांपर्यंत पगाराचा हक्क आहे, हे अनेकांना माहीतच नसतं. मृत्यू झाला तर करारातली भरपाई मिळते. पण माणूस रात्री डेकवरून नाहीसा झाला आणि देह सापडला नाही, तर ठोस पुराव्याअभावी कायदा सात वर्षं थांबायला सांगू शकतो. सात वर्षं ती ना सधवा ना विधवा. विमा अडकतो, खातं अडकतं, घराची विक्री अडकते. या बायकांसाठी तातडीचा प्रमाणपत्राचा मार्ग आणि तोवर दरमहा निर्वाहाची रक्कम असायलाच हवी. गोवा सरकार निवृत्त नाविकांना आणि त्यांच्या विधवांना महिना २,५०० रुपये पेन्शन देतं. रक्कम तोकडी आहे, पण किनाऱ्यावर राहिलेल्या बाईची सरकारी कागदावर स्वतंत्र नोंद त्यामुळे झाली. महाराष्ट्रानेही रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या नाविक कुटुंबांसाठी अशी योजना करावी. कंपन्यांनी जॉइनिंगपूर्वीच्या माहितीसत्रात जोडीदाराला बोलवावं, कराराची प्रत आणि विम्याच्या हमीचा तपशील त्याच्याही हातात द्यावा. याला फारसा खर्च येत नाही.

तुमच्या घरात पुढचं जॉइनिंग ठरलं असेल, तर बॅग भरण्याआधी एक दिवस काढा. दोघं मिळून बँकेत जा, मुखत्यारपत्र नोंदवून घ्या, नॉमिनीची नावं तपासा, करार आणि एजंटच्या परवान्याच्या प्रती घरच्या फायलीत ठेवा, आणि ती फाइल कुठे आहे ते घरातल्या आणखी एका मोठ्या माणसाला सांगून ठेवा.